कोणाच्या चवीनुसार?

धान कापायला आलं की मला आधी भूक लागते आणि मागोमाग राग येतो. दरवर्षी हाच क्रम. परवा सकाळी दार उघडलं तर तलावाच्या बाजूनं तो वास आलाच, पिकलेल्या धानाचा आणि दवानं ओल्या झालेल्या तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा. आता आमच्या दिघोरीत कापणीला मशीन येते. दिवसाचं काम तासाभरात उरकते आणि धूळ उडवत पुढच्या गावी निघून जाते. वास मात्र तिला पळवून नेता आलेला नाही. तो नाकात शिरला आणि मी चहाचा कप हातात धरून तशीच उभी राहिले. नात म्हणाली, "आजी, सकाळी सकाळी कोणावर तापली वो?" काय सांगू तिला? ज्यांच्यावर तापायचं ते मामाजी, म्हणजे माझे सासरे, केव्हाच गेले. त्यांच्या फोटोला हार मीच घालते. घालताना थोडी तापूनच घालते.

त्याच दिवशी नागपूरहून सुनेचा फोन. मोबाईलवर बघून काहीतरी नवं करत होती. म्हणाली, "आई, ही बाई म्हणते मीठ चवीनुसार. चवीनुसार म्हणजे किती?" म्हटलं, "तुझ्या चवीनुसार. थोडं घाल, चाख, कमी वाटलं तर आणखी घाल." "बस, इतकंच?" म्हटलं, इतकंच. फोन ठेवला आणि डोकं आणखी तापलं. इतकंच! हे इतकंच मिळवायला मला एक अख्खी कापणी आणि एक अख्खा चुरणा, म्हणजे मळणी, लागला होता.

सत्तरचं दशक सरत आलं होतं तेव्हाची गोष्ट. माझं माहेर पवनीचं. बाबांचं कापडाचं दुकान, घरात मी एकटी लेक. आईनं मला चुलीजवळ फिरकू दिलं नाही. म्हणायची, "आधी मॅट्रिक हो. भात काय, कोणीबी शिजवते." मॅट्रिक झाले, आणि झाले त्याच वर्षी लग्न करून मोकळे झाले सगळे. वैनगंगा कुठून निघते आणि कुठं जाऊन मिळते हे मला पाठ होतं. भाताला पाणी किती घालायचं हे माहीत नव्हतं. अशी ही हुशार सून दिघोरीच्या शेतकऱ्याच्या घरात आली. घरात मामाजी, आत्याबाई म्हणजे सासूबाई, आमचे हे, आणि ह्यांच्या पाठचे दोन भाऊ. चार पुरुष, दोन बाया. हा हिशेब लक्षात ठेवा, पुढं सगळं त्याच्यावरच आहे.

पावसाळाभर स्वयंपाक आत्याबाईंनीच केला. मी वरचं काम करायची, पाणी भर, भांडी घास, अंगण सारव. मग दिवाळी झाली, धान पिवळं पडलं, आणि एका सकाळी आत्याबाईंनी पदर खोचला, विळा घेतला आणि म्हणाल्या, "मी बांधीत चालली. सांजचं रांधाचं आता तू पाह्य." बांधी म्हणजे आमच्याकडं धानाच्या शेताचा बांध घातलेला तुकडा. अशा बारा बांध्या होत्या आमच्या, आणि कापणीत आत्याबाईंच्या पुढं कोणी नव्हतं. गडीमाणसंही मागं पडायची. त्या उंबऱ्याबाहेर पाय टाकता टाकता वळल्या आणि मला नियम सांगितला.

"देवाचं काढल्याबिगर अन् माणसायचं जेवण झाल्याबिगर तोंडाले काही लावाचं नाई. चाखाचं तं नाईच नाई. चाखलं का उष्टं झालं."

मी म्हटलं, "मंग मीठ बरोबर झालं का नाई ते कसं समजन?"

"वासानं."

मला वाटलं थट्टा करतात. तर बाईंनी सकाळच्या भाजीवरचं झाकण काढलं, वाफेत नाक धरलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "चिमटीभर कमी हाये." घातलं. दुपारी जेवताना भाजी एकदम बरोबर. आता ह्याला काय म्हणावं? तीस वर्षांत जिभेचं काम नाकानं शिकून घेतलं होतं त्यांनी. मीही झाकण काढून नाक धरलं. मला धूर लागला, ठसका लागला आणि डोळ्यात पाणी आलं. मिठाचा काही पत्ता लागला नाही.

माझा गुरू वेगळाच होता. बाबांनी लग्नात रेडिओ दिला होता. दुपारी त्यावर बायकांसाठी कार्यक्रम लागायचा आणि त्यात एक बाई रात्रीच्या जेवणाचे नवेनवे प्रकार सांगायची. फार गोड बोलायची. 'घरातल्या मंडळींना आज काहीतरी वेगळं करून खाऊ घालूया,' असं म्हणायची. मी शाळेची उरलेली वही घेऊन बसायची आणि धडाधड लिहून घ्यायची. मसालेभात, दुधीचे कोफ्ते, टोमॅटोचं सार, काय नि काय. आमच्या घरात रोज सांजेला भात, लाखोळीच्या डाळीचं वरण आणि एखादी पातळ भाजी. वाईट नव्हतं ते, आजही मला तेच आवडतं. पण मी मॅट्रिक झालेली पोरगी. दिवसभर घरात एकटी. हाताला काहीतरी माझं असावं असं वाटायचं. ती वही माझी होती. आणि प्रत्येक कृतीच्या शेवटी ती गोड बाई न चुकता म्हणायची, 'मीठ चवीनुसार.'

मी प्रामाणिकपणे लिहून घ्यायची. मीठ चवीनुसार. आणि मग पेन्सिल दातात धरून विचार करायची, की बाई गं, कोणाच्या?

पहिला प्रयोग मसालेभाताचा. हलकं धान आधी निघालं होतं, त्याचा नवा तांदूळ कांडून घरात आला होता. पांढरा, वासाचा, हातात घेतला तर थंडगार लागणारा. रेडिओ म्हणाला एका वाटीला दोन वाट्या पाणी. मी दोन घातल्या. वर अर्धी वाटी जास्त घातलं, कमी पडायला नको म्हणून. धानाच्या मुलखात जन्मलेल्या कुठल्याही लेकराला विचारा, नव्या तांदळाला पाणी कमी लागतं. तो स्वतःच ओला असतो. रेडिओतल्या बाईचा तांदूळ जुना असणार, दुकानातला. हे मला कोण सांगणार? गंज, म्हणजे भाताचं पातेलं, उघडला तर आत खळ. मटार नव्हते म्हणून पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांचे दाणे घातले होते, ते त्यात रुतून बसले होते. लहाने भाऊजी, म्हणजे धाकटे दीर, ताटाकडं बघून म्हणाले, "वहिनी, हे खाचं हाये का भित्तीले लावाचं हाये?" मामाजींनी ताट सरकवलं आणि सकाळचा भात दह्यासोबत मागून घेतला.

तो मसालेभात मी आणि आत्याबाईंनी दोन दिवस खाल्ला.  दिवसभर धान कापून आलेली बाई, कमरेत वाकलेली, हाताला कुसळं टोचलेली, ती चुलीपुढं बसून गार झालेली खळ बोटानं गोळा करून खात होती. मला तेव्हा फक्त लाज वाटली. राग यायला अजून वेळ होता.

मग आले कोफ्ते. ते जमले. जमले असं मी म्हणते ते कशावरून? तर गंज रिकामा झाला यावरून. मामाजींनी दोनदा मागितले, मोठ्या भाऊजींनी, म्हणजे मधल्या दिरांनी, तीनदा, ह्यांनी रस्सा भातावर ओतून घेतला. मी दाराआड उभी राहून ऐकत होते, छाती फुगून आली होती. पुरुष उठले, आम्ही बसलो. गंजात तळाला चमचाभर रस्सा आणि एका कोफ्त्याचा फुटका तुकडा. तो मी आत्याबाईंच्या ताटात टाकला, त्यांनी माझ्या ताटात टाकला, असं दोनदा झालं आणि शेवटी त्याचा चुरा झाला. दोघींनी गंज भातानं पुसून घेतला. काय चव होती, देव जाणे. लोखंडाची असावी.

ह्यांना विचारलं, "कसे झाले होते?"

"बरे होते."

"बरे म्हणजे? तिखट होते का गोड होते? धण्याचा वास येत होता का?"

हे जरा वेळ विचारात पडले. "भाजीसारखे होते," म्हणाले.

आता सांगा, अशा माणसाच्या जिभेवर विसंबून मी स्वयंपाक शिकायचा! कापणीचा महिना असाच गेला. जे बिघडलं ते उरलं आणि मी खाल्लं. जे साधलं ते पुढच्या खोलीत संपलं. करपलेलं पिठलं मला माहीत, कच्च्या धण्याचं सार मला माहीत, गिचका झालेली वांगी मला पाठ. माझ्या हातचं चांगलं कसं लागतं ते तेवढं माहीत नाही. परीक्षेत फक्त चुकलेली उत्तरं परत मिळावीत आणि बरोबर आलेली मास्तरांनी घरी घेऊन जावीत, तसं चाललं होतं. आणि वर सगळे म्हणणार, हिला काही येत नाही.

आज मला कोणी म्हटलं ना, की जाऊ द्या हो, तेव्हा असंच होतं, तर मी जाऊ देत नाही. गेल्या वर्षी एका लग्नात माझ्याच वयाच्या बायका बसल्या होत्या, सगळ्या मान डोलावत होत्या, किती शिस्त होती, किती संस्कार होते. मी म्हटलं, शिस्त तुमची आणि गरम जेवण त्यांचं, छान वाटणी आहे.  एकीनं नंतर हात धुताना हळूच विचारलं, "तुमीबी नोत्या का चाखत?" मी म्हटलं, मी चाखत होते. तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जशी मी कोणासोबत पळून जाऊन आले होते.

कापणी संपली, भारे खळ्यावर आले, पुंजणी, म्हणजे भाऱ्यांची रास, रचून झाली आणि चुरणा सुरू झाला. आता लहान मुलांना चुरणा म्हणजे काय ते सांगावं लागतं. खळ्यावर धान पसरायचं आणि त्यावरून बैलांना गोल गोल फिरवायचं, दाणे सुटेपर्यंत. पुरुष बैल हाकणार, आत्याबाई सूप घेऊन वाऱ्यावर धान उडवणार. सांजेला त्या घरी यायच्या तेव्हा केसांत, पापण्यांत, सगळीकडं भुसा. आल्या की पाय धुवायच्या आणि सरळ चुलीकडं. माझ्यावर त्यांचा तसा विश्वास नव्हताच, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं.

त्या सांजेला मी वांग्याची भाजी टाकली होती. रेडिओचीच कृती, तीळ आणि शेंगदाण्याचं वाटण घालून. मीठ घातलं आणि विहिरीवर पाणी आणायला गेले. तेवढ्यात आत्याबाई आल्या. झाकण काढून वास घेतला. आता तीळ आणि दाण्यांचं असलं वाटण त्यांच्या नाकाच्या ओळखीचं नव्हतं. नाक फसलं. पोरगी मीठ विसरली असं समजून त्यांनी मूठभर टाकलं. मी परत आले, झाकण काढलं, मला काही कळेना. आपण घातलं की नाही? पाणी आणायच्या घाईत राहिलं असेल, म्हणून मीही पुन्हा घातलं. दोघी बाया, एक गंज, तीनदा मीठ, आणि दोघींपैकी एकीनंही जिभेला थेंब लावला नाही.

मामाजींनी पहिला घास घेतला आणि तो अंगणात जाऊन थुंकला. परत येऊन पाटावर बसले. ओरडले नाहीत. ते कधी ओरडत नसत, हळू बोलायचे आणि तेच वाईट होतं. ह्यांच्याकडं बघून म्हणाले, "चुरणा होऊ दे. झाला का हिले पवनीले नेऊन सोड. मायजवळ रांधाले शिकन, मंग पाहू आणाचं का काय."

हे ताटाकडं बघत म्हणाले, "हो."

त्या 'हो'वर मी आजही ह्यांना ऐकवते. बिचारे कान पाडून ऐकतात.

पवनीला नेऊन सोडणं म्हणजे काय, हे मला माहीत होतं. तिथं आमच्याच गल्लीत एक होती, थोड्या दिवसांसाठी म्हणून माहेरी आलेली. तिचे थोडे दिवस पाच वर्षं चालले होते. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, आणि लोक तिला नावानं हाक मारणंही विसरले होते, सोडलेली म्हणायचे. माझ्या बाबांना हे सहन झालं नसतं. आणि मला? मला तर कळतच नव्हतं की माझा गुन्हा कोणता. मीठ जास्त झालं हा, की मला ते कळायची सोय नव्हती हा?

दुसऱ्या दिवशी दुपारची शिदोरी घेऊन खळ्यावर गेले. आत्याबाई तणसाच्या ढिगाच्या सावलीत टेकल्या होत्या. रात्रभर विचार करून मला एवढं कळलं होतं की मी दोनदा घातलेल्या मिठानं भाजी एवढी खारट होत नाही. मी सरळ विचारलं.

"आत्याबाई, तुमी मीठ टाकलं होतं ना?"

"टाकलं होतं."

"मंग काल काहून नाई बोलल्या? त्याइनं मले पवनीले धाडाची गोष्ट केली, तुमी चूप!"

त्या पाणी प्यायल्या. तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "बोलली असती तं मले बोल लागले असते. तुले धाडाले पवनी तरी हाये. माह्यं आता कोण हाये? मले कोठी धाडतीन?"

राग आला होता, खूप आला होता, पण त्या खरं बोलल्या होत्या. मी भाकरी काढली, कांदा फोडला, त्यांच्यापुढं ठेवला. त्यांच्या नखांत माती होती, मधलं बोट विळ्यानं कापलेलं होतं आणि त्यावर चिंधी बांधली होती. आणि कोण जाणे कसं, तोंडातून निघून गेलं, "आत्याबाई, तुमी चुलीवरचं गरम गरम कधी जेवल्या?"

त्यांनी भाकरी मोडता मोडता आठवून पाहिलं. खरंच आठवत होत्या, मोजत होत्या मनातल्या मनात.

"बाळंतपणात," त्या म्हणाल्या. "तिन्ही बाळंतपणात. बाजेवर आणून देत होती सासू. गरम भात अन् वरतून तूप." मग हसल्या. "म्हणून तं आणखीन एखादं झालं असतं तं बरं झालं असतं, असं वाटे मले."

त्या हसत होत्या आणि मला हसू येईना. रडूही आलं नाही. तेव्हा पेटलेला राग आजपर्यंत विझलेला नाही. धान लावणार ही बाई, कापणार ही बाई, उडवणार ही बाई, कांडणार ही बाई, आणि त्याच धानाचा गरम भात खायला हिला लेकरू जन्माला घालावं लागतं! मी तिथंच तणसात बसून ठरवलं. पवनीला जायचं असेल तर जाईन, पण चाखून जाईन.

आता माझं वय झालं. डॉक्टर म्हणतात रक्तदाब आहे, मीठ कमी करा. मी त्यांना म्हटलं, डॉक्टरसाहेब, ह्या मिठासाठी मी सासऱ्यापुढं उभी राहिले, तुमच्यापुढं काय वाकणार? ते हसले. गोळ्या घेते मी. मीठ कमी केल्याचं सांगते आणि करत नाही. आमच्या घरात आज कोणीही चुलीशी, म्हणजे गॅसशी गेलं की आधी चाखतं. नात तर चाखता चाखता अर्धी भाजी संपवते. शेजारीण एकदा म्हणाली, देवाच्या नैवेद्याचं तरी पाळा. पाळते की! देवाचं आधी काढून ठेवते, मग चाखते. देवानं आजवर तक्रार केली नाही. तक्रार नेहमी पाटावरून आली.

चुरण्याचा शेवटचा दिवस. त्या दिवशी जेवण जरा चांगलं करायची पद्धत, धान घरात आलं म्हणून. रेडिओनं वाटाण्याच्या गोळ्यांचा रस्सा सांगितला होता. आमच्याकडं वाटाणा कुठला? पण बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे कडेच्या बांधावर, तूर उभी होती, शेंगा भरलेल्या. टोपलंभर तोडून आणल्या, दुपारभर सोलल्या. ओल्या दाण्यांत लसूण, मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर घालून पाट्यावर भरड वाटलं, गोळे वळले, वाफवले. रस्सा उकळायला ठेवला. आणि बाजूच्या चुलीवर वेगळ्या गंजात साधं वरण ठेवलं. हा वेगळा गंज का, ते सांगते.

दिवे लागले. पुरुष हातपाय धुऊन पाटावर येऊन बसले. आत्याबाई अजून अंगणात पाय धूत होत्या. मी देवाचं काढलं, देव्हाऱ्यापुढं ठेवलं, पाणी फिरवलं. मग आत आले, दार सताड उघडं ठेवलं, सगळ्यांना दिसेल अशी चुलीपुढं बसले. पळीनं रस्सा घेतला, फुंकला, डाव्या तळहातावर घेतला आणि चाखला.

आळणी होता. आणि धणे कच्चे होते. आहाहा, काय सांगू, किती आनंद झाला मला! आळणी आहे हे मला वेळेवर कळलं होतं! लग्नानंतर पहिल्यांदाच माझी चूक माझ्या हातात असताना मला सापडली होती. मी मीठ घातलं. पुन्हा चाखलं. धणे शिजू दिले, पुरुषांना थांबवून ठेवलं. तिसऱ्यांदा चाखलं.

पुढच्या खोलीत चौघांच्याही माना माझ्याकडं वळल्या होत्या.

मामाजी हळूच म्हणाले, "काय केलं तू हे?"

"चाखलं."

"उष्टं झालं."

"देवाचं आधीच काढलं हाये मामाजी. चाखलं ते त्याच्या नंतर."

"अन् आमी?"

तुमी देव हाये का, असं अगदी ओठावर आलं होतं. गिळलं. तेवढी शहाणी होते. म्हटलं, "तुमच्यासाठी वेगळं वरण ठेवलं हाये, न चाखलेलं. त्यात मीठ हाये का नाई ते मले माहित नाई. काहून का मी चाखलं नाई."

"तेच वाढ," मामाजी म्हणाले.

वाढलं. त्यांनी भात कालवला, घास घेतला, आणि त्यांचा जबडा थांबला. वरणात मीठ नव्हतं. मी मुद्दाम केलं नव्हतं, देवाशपथ. बरं, थोडंसं मुद्दाम केलं होतं. आता मीठ मागावं तर मी चाखलं असतं तर बरं झालं असतं असं कबूल करावं लागणार. त्यांनी मागितलं नाही. चावत राहिले. लहाने भाऊजी म्हणाले, "मले त्या उष्ट्यातलंच वाढा, वहिनी," आणि मोठ्या भाऊजींनी त्यांना कोपरानं ढोसलं. हे कधी माझ्याकडं, कधी बापाकडं बघत होते. ह्यांचं हे आजही असंच आहे.

"उद्या सकारी पवनी," मामाजी ह्यांना म्हणाले. घास अजून तोंडातच होता.

तेव्हा आत्याबाई आत आल्या. पाय ओले, केसांत भुसा तसाच. सगळं ऐकलं होतं त्यांनी. मला वाटलं, आता खाली बघतील आणि कोपऱ्यात बसतील. मी मनातल्या मनात माझी पेटी भरायलाही घेतली होती. त्या चुलीपुढं माझ्याशेजारी येऊन बसल्या आणि त्यांनी आपला डावा तळहात माझ्यापुढं धरला.

"मलेबी दे."

मी पळी बुडवली आणि त्यांच्या तळहातावर रस्सा घातला. त्यांनी चाखला. जीभ टाळूला लावून पाहिली. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होतो, चार पुरुष आणि मी.

"मीठ कमी हाये," त्या म्हणाल्या.

आणि मिठाच्या डब्यात हात घालून त्यांनी चिमूट टाकली. रस्सा ढवळला. पुन्हा चाखला. "आता हाये बरोबर. माह्या तोंडाले असं लागते."

"आता तूबी?" मामाजी म्हणाले.

"मीबी," आत्याबाई म्हणाल्या. "अन् पोरगी पवनीले नाई जाणार. गेली तं मी जाईन तिच्यासंगं. मंग बसा नाकानं रांधत."

 ताटातलं आळणी वरण मामाजींनी शेवटच्या शितापर्यंत संपवलं. हट्टी माणूस, हट्ट त्यांचाही कमी नव्हता. पण मला तेव्हा त्यांच्याकडं बघायची फुरसत नव्हती, कारण आत्याबाईंनी फळीवरचं एक ताट काढून चुलीपुढं ठेवलं होतं. पाट घेतला नाही. ओल्या पायांनी तशाच जमिनीवर बसल्या, पाठ भिंतीला टेकली.

"आधी मले वाढ," त्या म्हणाल्या. "दिवसभर धान मी उडवलं."

मी वाढलं. वाफ निघत असलेला भात, त्यावर रस्सा, तीन गोळे. त्यांनी कालवला, मोठा घास केला आणि सरळ तोंडात घातला. आणि भाजलं. त्यांच्या डोळ्यात पाणी आलं, तोंड उघडं ठेवून त्या हा हा करायला लागल्या, हातानं तोंडावर वारा घेऊ लागल्या. गरम अन्न आधी फुंकावं लागतं, ही सवयच नव्हती त्यांना. मी पाण्याचा गडवा पुढं केला. त्यांनी तो बाजूला सारला आणि दुसरा घासही न फुंकताच घेतला.